गाडी बाजूला घ्या : पोलिसांनी थांबवलं तेव्हाचे तुमचे अनुभव

सरकारी कचेरीत आपण वर्षातून एखाद्या वेळी जातो. न्यायालयाची पायरी तर पुष्कळ जण आयुष्यभर चढत नाहीत. पण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हात दाखवून कुणीतरी थांबवलेलं असतं. त्या दोन-चार मिनिटांत काय बोलणं होतं, यावरून माणूस पोलिसांबद्दल आणि एकूण कायद्याबद्दल मत बनवून टाकतो, आणि ते मत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून हा धागा.

चांगले-वाईट दोन्ही अनुभव लिहा. एकच विनंती आहे: 'सगळे तसलेच' किंवा 'लोकांना शिस्तच नाही' अशी वाक्यं नकोत. काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, कागद कोणते पाहिले, पावती मिळाली का, हे लिहा. वाचणाऱ्याला उद्या तेच उपयोगी पडेल. तक्रार असेल तर गाव, चौक, अधिकारी यांची नावं टाळा.

सुरुवात मीच करतो. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला आणि लायसनशिवाय गाडी चालवण्याचा दंड 500 वरून 5,000 रुपये झाला. महाराष्ट्राने वाढीव दंड बरेच उशिरा, 2021 च्या डिसेंबरमध्ये लागू केले. त्यानंतर रस्त्यावरचं बोलणं बदललेलं मी पाहिलं. आधी लोक 'फाडा पावती' म्हणून मोकळे व्हायचे. आता रक्कम ऐकली की 'साहेब, काहीतरी बघा ना' सुरू होतं, आणि ते बहुतेक वेळा गाडीवाल्याकडूनच सुरू होतं. तोडपाण्याची बोलणी कोण काढतं, याबद्दल आपण प्रामाणिकपणे बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सावंतवाडी

आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस बांबोळीला न्यायचा, म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजात. सिंधुदुर्गातल्या निम्म्या घरांना तो रस्ता पाठ असेल. बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा, पर्वरी आणि पुढे मांडवीचा पूल. आई तिथे दाखल असताना माझ्या खूप फेऱ्या झाल्या. गाडीचा नंबर एमएच-07, त्यामुळे पर्यटक समजून हात दाखवला जायचा. कागद सगळे होते, पण दर वेळी उतरायचं, दाखवायचं, आणि डोक्यात मात्र रक्ताच्या बाटलीचं चाललेलं.

एका संध्याकाळी पोलिसाने काचेशी वाकून विचारलं, "खंय वतात?" मी आमच्या मालवणीतच सांगितलं, "बांबोळीक. आवस ॲडमिट आसा." मागच्या सीटवर डबा होता, फाईल होती, चादर होती. त्याने लायसन मागितलंच नाही. वॉर्ड कुठला ते विचारलं, आणि पुढच्या चौकात कामामुळे रस्ता बंद आहे, डावीकडून जा म्हणजे वेळ वाचेल, असं सांगितलं. पुढे पुन्हा एकदा त्याने थांबवलं ते फक्त आईची चौकशी करायला.

वाईट अनुभवही त्याच रस्त्यावरचा आहे. तो लिहीत नाही, कारण त्या दिवशी पीयूसी संपलेली होती आणि दंडाची रीतसर पावती मिळाली. बोलणं उर्मट होतं एवढंच.

नाशिक जिल्हा, कांदा उत्पादक

हे वाहतूक पोलिसांचं नाही, पण थांबवणंच आहे. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता लागली होती. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पिकअपमध्ये भरून बाजार समितीत नेला, भाव बरा मिळाला. 90 हजारांच्या आसपास रोख घेऊन मी आणि धाकटा भाऊ घरी निघालो. वाटेत तपासणी नाका. महसूलचा एक माणूस, दोन पोलीस, आणि एक पोरगा व्हिडिओ काढणारा. याला स्थिर सर्वेक्षण पथक म्हणतात हे तेव्हा कळलं.

सीटखालची पिशवी निघाली. निवडणुकीच्या काळात 50 हजारांपेक्षा जास्त रोख असेल तर ती कुठून आली आणि कशासाठी आहे याचा पुरावा लागतो. भाऊ घाबरला, आवाज चढवायला लागला. मी त्याला गाडीत बसवलं आणि खिशातून सौदापट्टी, काटापट्टी, हिशोबपट्टी काढून दिली. महसूलच्या माणसाने वजन, भाव, हमाली, तोलाई वजा जाता रक्कम जुळवून पाहिली. आजचीच तारीख, गाडीचा नंबर तोच. नोटा कॅमेऱ्यासमोर मोजल्या, परत पिशवीत घातल्या, आणि आम्ही सुटलो.

आमच्या मागे एक जण बैलबाजाराला निघालेला. त्याच्याकडेही रोख होती, कागद काहीच नव्हता. आता सांगा, बैल विकत घ्यायला जाणाऱ्याकडे कसला कागद असणार? विकून येणाऱ्याकडे पट्टी असते, घ्यायला जाणाऱ्याकडे नुसता पैसा असतो. त्याची रक्कम जप्त केली. पंचनामा झाला, पावती दिली, आणि जिल्ह्याच्या समितीकडे दाद मागा म्हणून सांगितलं. ती समिती तीन अधिकाऱ्यांची असते आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी तिचे प्रमुख असतात. पैसे परत मिळण्याची सोय आहे हे खरं. पण त्या माणसाचा बाजार गेला आणि पेरणीही गेली असेल.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, निवडणुकीत खरेदीला जाताना बँकेतून पैसे काढल्याची नोंद, म्हणजे पासबुक भरून घेतलेलं, खिशात ठेवा. हे आम्हाला आधी कुणी सांगत नाही.

डिजिलॉकरबद्दल, नागपूर

कॉलेजात आहे. वर्धा रोडवर थांबवलं, पाकीट होस्टेलवर राहिलं होतं. फोनमधल्या डिजिलॉकरवर लायसन आणि आरसी दाखवली. हवालदारकाका आधी "ओरिजिनल लागते" म्हणाले. त्यांच्या बाजूच्या मॅडमनी मशीनवर गाडीचा नंबर टाकून पाहिला आणि "चालते, जा" म्हणाल्या. वाद घालावाच लागला नाही. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही, ॲप उघडूनच दाखवा.

ट्रकचालक, सध्या मुक्काम कोल्हापूर

लहान गाडीवाल्यांना वर्षात एकदा थांबवतात, आम्हाला रोजच. पोलीस वेगळे, आरटीओचं वायुवेग पथक वेगळं, जीएसटीवाले ई-वे बिल बघणार ते वेगळे. फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, मालाची बिल्टी, सगळं एका फाईलीत प्लॅस्टिकमध्ये घालून डोक्यावरच्या खणात ठेवतो. फाईल नीट असली की निम्मं काम होतं.

राहिलेलं निम्मं म्हणजे 'एंट्री', पावतीशिवाय द्यायचे पैसे. कुठे ते लिहीत नाही. चालकांना माहीत आहे. कागद बरोबर असला तरी ताडपत्री नीट नाही, इंडिकेटर मळका आहे, काहीतरी निघतं. मी एका ठिकाणी म्हणालो, साहेब, जे असेल त्याचं चलन करा. दोन तास बाजूला उभा केला. शेवटी चलन न करताच सोडला. दोन तासांत माल उतरवायची वेळ चुकली आणि गाडी रात्रभर गोदामाबाहेर उभी. पावती मागा असं सांगणं सोपं आहे. ते सांगणाऱ्याने चालकाच्या वेळेची किंमतही धरावी.

आणि आता कॅमेरे आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 च्या जुलैपासून ती यंत्रणा आहे. कॅमेरा 'एंट्री' मागत नाही, ही चांगली गोष्ट. पण चलन जातं मालकाच्या मोबाईलवर. मालक महिनाअखेर पगारातून कापतो. घाटात पुढची गाडी बंद पडली म्हणून मी लेन बदलली, हे कॅमेऱ्याला कसं सांगणार? पोलिसाला निदान हात करून दाखवता येत होतं. 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलनावरून संप केला तेव्हा बातम्यांत मालकच बोलत होते. पगार कुणाचा कापला जातो, ते कुणी विचारलं नाही.

(धागाकर्ता : दादा, तुमचं म्हणणं पटलं. 'पावती मागा' हा सल्ला मी अगदी सहज देत आलो. डॅशकॅम लावलेल्या चालकांनी चलनाविरुद्ध तक्रार केली असेल तर इथे लिहावं. वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रारीची सोय आहे, तिचा निकाल काय लागतो हे कळायला हवं.)

ठाणे

तक्रारीच्या सोयीबद्दल विचारलंत म्हणून. माझी स्कूटर पांढरी. चलन आलं दुसऱ्या शहरातलं, फोटोत काळी मोटरसायकल, मागे ट्रिपल सीट. नंबर माझा! ॲपवर आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडून तक्रार केली, शिवाय जवळच्या पोलीस ठाण्यात बोगस नंबरप्लेटचा अर्ज दिला. चलन रद्द झालं. अर्जाची पोच जपून ठेवली आहे, कारण उद्या त्या मोटरसायकलने कुणाला ठोकलं तर विचारणा माझ्या घरी येईल. आणि हो, चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका. ओळखीच्या एकांचं खातं त्यातून रिकामं झालं.

परिचारिका, मुंबई

2021 चा एप्रिल, करोनाचे निर्बंध. गाड्यांना रंगीत गोल स्टिकर लावायला सांगितलं होतं. आम्हा दवाखान्यातल्यांना लाल, भाजी-दूधवाल्यांना हिरवा, बाकी अत्यावश्यक सेवांना पिवळा. लोकल कमी आणि गर्दीची धास्ती, म्हणून मिस्टर मला स्कूटरवरून सोडायचे. जाताना माझं ओळखपत्र पाहून लगेच सोडत. परत येताना ते एकटे, स्टिकर लाल, आणि ओळखपत्र कुठलंच नाही! रोज अडवायचे आणि रोज तीच कथा सांगायची.

शेवटी मी मेट्रनबाईंकडून पत्र घेतलं : अमुक कर्मचारी, अमुक पाळी, हिला सोडायला पती या नंबरच्या गाडीने येतात. ते पत्र नाक्यावरच्या हवालदारांनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे आधी आणलं असतं तर माझाही ताप वाचला असता." त्यांनी पत्राचा फोटो काढून पुढच्या पाळीच्या लोकांना पाठवला. नंतर एकदाही अडवलं नाही. त्या हवालदारांना पुढे करोना झाला. आमच्याच वॉर्डात होते. बरे होऊन गेले.

न्यू जर्सी

इथे मागून लाल-निळे दिवे लागले की उजवीकडे गाडी घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसून राहायचं. उतरायचं नाही. मला हे माहीत होतं, पण शेजारी बसलेले सासरे पुण्याहून नुकतेच आलेले. आपल्याकडे साहेब गाडीपाशी येण्याची वाट पाहणं उद्धटपणा वाटतो, आपणच उतरून जातो. त्यांनी "मी बोलतो" म्हणत दार उघडलं. मागून लाऊडस्पीकरवर करडा आवाज आला : गाडीतच बसा. बाबा थिजलेच.

चालकाच्या कमरेला बंदूक असू शकते, हे इथला पोलीस धरूनच चालतो. दार उघडणं, पटकन खणात हात घालणं, या साध्या हालचालींवरून माणसं जिवाला मुकलेली आहेत, आणि त्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण मोठं आहे. अधिकारी आला तेव्हा मी त्याला आधी सांगितलं की कागद समोरच्या खणात आहेत, काढते. लायसन, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड पाहून त्याने कारण सांगितलं : मागचा दिवा बंद. ताकीद देऊन सोडलं.

भारतातून आई-वडील येणार असतील तर विमानतळावरून घरी आणतानाच हे सांगा. आणखी एक : शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर किमान 25 फूट लांब थांबायचं, समोरून येणाऱ्यानेही. आपल्या लोकांना सर्वांत जास्त तिकिटं यातच मिळताना मी पाहते.

वाहतूक पोलिसाची मुलगी

सगळे प्रतिसाद वाचले. आता घरातली बाजू. बाबा निवृत्त झालेत. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, खोकला कायमचा. चौकात उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. थांबवलेल्या दहा जणांपैकी आठ जण आधी फोन कुणाला तरी लावून पुढे करतात, "बोला साहेबांशी." तो फोन घेतला तर कायदा गेला, नाही घेतला तर रात्री वरिष्ठांचा फोन. हे रोजचं.

2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला एका वाहतूक पोलिसाने विनाहेल्मेट अल्पवयीन मुलाला अडवलं. मुलाने भावाला बोलावलं, डोक्यात बांबू घातला गेला, आणि ते पोलीस काही दिवसांनी गेले. त्या आठवड्यात आई बाबांना डबा देताना रोज म्हणायची, पोरांना अडवू नका. बाबा अडवायचे. पुढे कायद्यात कलम आलं. अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. बाबा म्हणाले, हे आधी असतं तर मी मुलाशी बोललोच नसतो, बापाला बोलावलं असतं.

पैसे घेणारे आहेत. बाबांच्या बरोबरचेही होते, आम्हाला ते कळायचं, आणि त्यांच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते खरं आहे. ट्रकवाल्या दादांना दोन तास उभं करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण तुम्हाला थांबवलं तर एक करा : इंजिन बंद करा, गाणी बंद करा आणि काच पूर्ण खाली घ्या. पोलीस ओरडून बोलतात अशी तक्रार वर दोघा-तिघांना करायची असेल. चौकातल्या आवाजात त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसतं.