शब्दचर्चा: 'एस्ट्रेंज्ड' बाप-लेकाला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, एका छोट्या काउंटीत घडणारी रहस्यकथा सध्या मराठीत आणतोय. बाप तिथला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, मुलगा राज्याच्या तपास खात्यात अटलांटाला. तिथे शेरीफ लोकांमधून निवडून येतो आणि राज्याचं खातं सहसा स्थानिक पोलिसांनी बोलावल्याशिवाय तपासात पडत नाही. म्हणजे खून झाल्यावर बापाला मुलाच्याच खात्याकडे मदत मागावी लागते. दोघे कित्येक वर्षं बोललेले नाहीत. या सगळ्यासाठी मूळ लेखकाने पहिल्या पानावर 'एस्ट्रेंज्ड' (जवळच्या नात्यात दुरावा आलेला) हे एक विशेषण वापरलंय आणि तो पुढे गेलाय. माझं घोडं तिथेच अडलंय.

शब्दकोशातले पर्याय आधी बाजूला काढतो. 'विभक्त' म्हटलं की आपल्याला वाटणी दिसते. चूल वेगळी, सातबारा वेगळा, पण विभक्त भाऊ गणपतीला एका पंगतीत जेवू शकतात. 'फारकत' नवरा-बायकोची. 'बेबनाव' भागीदारांत, पक्षांत होतो, आणि वर्षानुवर्षांच्या तुटलेपणाला तो फार हलका पडतो. 'अबोला' गोड शब्द आहे, पण त्यात उद्या बोलतील ही आशा गृहीत असते. 'हाडवैर' तर उलट्या टोकाला जातं. या कथेतल्या बाप-लेकांत वैर नाहीच.

खरी अडचण वेगळी आहे. मराठीत हे नातं आपण विशेषणाने सांगतच नाही, क्रियापदाने सांगतो. आणि क्रियापद आलं की कर्ता येतो. ही चार वाक्यं बघा:

त्याने बापाशी संबंध तोडले होते.
बापाने त्याला टाकलं होतं.
त्याचे बापाशी संबंध तुटले होते.
बाप-लेकाचं बोलणं नव्हतं.

पहिल्या दोन वाक्यांत दोष कोणाचा ते ठरून गेलं. आणि या कथेचं रहस्य तेवढंच आहे! खून कोणी केला हे वाचकाला दोन-तृतीयांश पुस्तक झाल्यावर कळतं, पण नातं कोणी तोडलं हे शेवटच्या प्रकरणाआधी कळता कामा नये. मुलगा समजतो बापाने टाकलं, बाप समजतो मुलाने पाठ फिरवली. मी पहिल्या पानावर 'तोडले' लिहिलं तर लेखकाने तीनशे पानं सांभाळलेली गोष्ट मी एका क्रियापदात फोडली, असं होईल. म्हणून 'तोडणे' नको, 'तुटणे' हवं. 'टाकणे' नको, 'दुरावणे' हवं. मराठीत या जोड्या तयार आहेत, आपण त्या जपून वापरत नाही इतकंच.

अशीच एक जोडी मला फार आवडते: 'अंतरणे' आणि 'अंतर देणे'. 'मी तुला अंतर देणार नाही' यात देणारा समोर उभा आहे. 'तो बापाला अंतरला' यात कोणी काही केलेलं नाही, झालंय मात्र सगळं. धोका एकच. 'अंतरला' म्हटलं की काहींना मृत्यू आठवेल. रहस्यकथेत पहिल्या पानावर तसा गैरसमज परवडणार नाही, पण मधल्या एका प्रकरणात, जिथे बाप जिवंत आहे की नाही हेच मुलाला माहीत नसतं, तिथे मी तो शब्द मुद्दाम ठेवणार आहे. पहिल्या पानासाठी सध्या 'बाप-लेकाचं बोलणं नव्हतं' हेच ठरवलंय. 'दोघांत विस्तव जात नाही' हेही सुचलं होतं, पण त्यात धगधगता राग आहे. इथे राग कधीच थंड झालाय.

'बेदखल'बद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण पुढे बापाचं मृत्युपत्र येतं. 'माझा मुलगा माझ्या ऐकण्यात नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही' अशा जाहीर नोटिसा आपण वर्तमानपत्रांत वाचत आलोय. त्यामुळे 'बेदखल' शब्द वाचकाला लगेच पोचतो. पण आपल्याकडे हिंदू कायद्यानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतः असतो. बापाच्या एका सहीने तो जात नाही, हे शेती असलेल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. जॉर्जियात सज्ञान मुलाला मृत्युपत्रातून पूर्ण वगळता येतं. अमेरिकेत याला ठळक अपवाद लुइझियानाचा: तिथे २३ वर्षांपर्यंतच्या आणि कायमच्या अक्षम मुलांचा वाटा कायद्याने राखलेला आहे. म्हणून मी 'बेदखल' टाळून 'मृत्युपत्रात त्याचं नाव नव्हतं' असं लिहिलंय. नाहीतर आपला वाचक म्हणेल, मग हा कोर्टात का जात नाही?

हुद्द्यांचं थोडक्यात. 'शेरीफ'ला 'नगरपाल' म्हणता येणार नाही, कारण मुंबईचे नगरपाल हे मानाचं पद होतं आणि हा माणूस लोकांना बेड्या घालतो. 'काउंटी'ला जिल्हा म्हटलं तर चित्र फसतं. जॉर्जिया आकाराने महाराष्ट्राच्या साधारण निम्मं, आणि काउंट्या १५९. म्हणजे सरासरी काउंटी आपल्या तालुक्याएवढी. शेरीफ सगळ्यांना नावाने का ओळखतो ते यावरून कळतं. शब्द मात्र 'काउंटी'च ठेवतोय. 'कॉरोनर', म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, हाही शब्द तसाच. मुंबईत १९९९पर्यंत कॉरोनर होताच, पण जॉर्जियात तो बहुतेक काउंट्यांत निवडून येतो आणि डॉक्टर असावाच लागतो असं नाही. 'पंचनामा' मात्र कुठेही येऊ देणार नाही. त्यात पंच येतात, आणि पंच आले की गाव आपलं होतं. 'गुप्तहेर' म्हणजे हेर, तो इथे नाही, म्हणून 'तपास अधिकारी'. आणि मुखपृष्ठावर 'दाक्षिणात्य रहस्यकथा' छापायचं नाही असं प्रकाशकांना आधीच सांगितलंय. लोक मल्याळी कथा समजून विकत घेतील.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'तू' की 'तुम्ही' यावर. तिकडच्या दक्षिणेत मुलं आईवडिलांनाही 'सर' आणि 'मॅम' म्हणतात. लुइझियानाने तर १९९९ साली शाळेतल्या मुलांनी शिक्षकांना असंच संबोधावं असा कायदा केला. त्याच वेळी पन्नाशीचा माणूसही बापाला 'डॅडी' म्हणतो. या मुलाच्या तोंडी लहानपणीच्या प्रसंगांत 'डॅडी' आहे आणि आता नुसतं 'येस सर'. 'होय साहेब' लिहिलं तर तो बापाचा हवालदार वाटतो. मी असं केलंय: लहानपणी 'बाबा, तू', आता संबोधन गायब आणि फक्त 'तुम्ही'. इतरांशी बोलताना तो 'माझे वडील' म्हणत नाही, 'शेरीफ' म्हणतो. शवागाराच्या दारात बाप विचारतो, 'जेवलास का?' मुलगा म्हणतो, 'तुम्ही आत चला, ते थांबलेत.' मूळ इंग्रजीत इथे दोन्हीकडे एकच 'यू' आहे. मराठीत 'जेवलास' आणि 'चला' यांतलं अंतर आपोआप दिसतं.

माझ्या घरी वडिलांना 'अहो बाबा' म्हणायची पद्धत होती, त्यामुळे 'तू'वरून 'तुम्ही'वर जाणं किती लागतं याचा मला नीट अंदाज नाही. ज्यांच्या घरी वडिलांना 'अरे' म्हणतात त्यांना हा बदल खुपेल का? आणि 'बाप-लेकाचं बोलणं नाही' याला विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात कर्ता न सांगणारा आणखी कुठला शब्दप्रयोग ऐकला असेल तर वाक्यासकट लिहा.