महाल वि. धरमपेठ, सीझनच्या दुसऱ्याच आठवड्यात: एस पिचर राखून ठेवू का?

महालवाला_मॅनेजर

मंडळी, मदत पाहिजे आणि जरा लवकर, रविवारी रात्री दहाला एक्स्पोर्टची, म्हणजे टीमची फाइल पाठवायची, डेडलाइन आहे.

ज्यांना आमची लीग माहीत नाही त्यांच्यासाठी: आऊट ऑफ द पार्क बेसबॉल या कॉम्प्युटर गेमवर आम्ही नागपूरचे काही जण मिळून ऑनलाइन लीग चालवतो, टीमांना नावं वस्त्यांची, सीझन खऱ्यासारखा १६२ मॅचचा. कमिशनर दर रविवारी रात्री पुढच्या अख्ख्या आठवड्याचं सिम (गेम स्वतःच सगळ्या मॅच खेळून काढतो) एका झटक्यात चालवतो. म्हणजे फाइल पाठवली की सोमवार ते रविवार हातात काहीच नाही, जे सेट केलं तेच खेळणार.

महाल आणि धरमपेठचं काय आहे ते जुन्या लोकांना सांगायला नको. मागच्या सीझनला डिव्हिजन अगदी शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेली. त्यांचा मॅनेजर माझा शाळेपासूनचा दोस्त आहे, रोज सोबत चहा होतो आणि रोज तोच विषय निघतो. आता यंदाच्या शेड्यूलनं दुसऱ्याच आठवड्यात शुक्रवार-शनिवार-रविवार तीन मॅचची सिरीज टाकली, त्यांच्या मैदानावर.

अडचण अशी की माझ्या रोटेशनप्रमाणे (पाच स्टार्टर पिचरची ठरलेली पाळी) एसचा, म्हणजे माझ्या सगळ्यात भारी पिचरचा, नंबर गुरुवारी येऊन राहिला, तो पण टेबलच्या तळाच्या टीमसमोर. गुरुवारी तो पिचिंग करून मोकळा झाला की धरमपेठविरुद्ध एकही मॅच मिळत नाही, पुढची पाळी थेट मंगळवारी. मग सिरीजला माझे दोन, तीन आणि चार नंबरचे पिचर जातात. हे मले अजिबात पटून नाही राहिलं.

तर त्याला एक दिवस थांबवून शुक्रवारी उतरवू का? की एप्रिलमध्ये रोटेशनला हातच नाही लावायचा? आणखी एक, पहिल्या दोन स्टार्टमध्ये त्याला बराच मार बसला, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेले रन) फुगला आहे. त्याचं पण टेन्शन आहे.

जुना_स्कोअरर

हात लावू नको भाऊ. १६२ पैकी तीन मॅच आहेत या, दोन टक्के पण नाही. एका दोस्तासाठी पाच पिचरची घडी मोडायची आणि मग मे महिन्यात कोणीतरी अर्ध्या आरामावर पिचिंग करतो, खांदा जातो, सीझन जातो. हे मी आपल्याच लीगमध्ये होताना पाहिलं आहे.

खऱ्या बेसबॉलमध्ये पाहून घे. २०१९ ला वॉशिंग्टन नॅशनल्स पहिल्या ५० मॅचनंतर १९-३१ वर होते, सगळ्यांनी हात टेकले होते, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज त्यांनी नेली. २०२१ ची अटलांटा ऑगस्ट लागेपर्यंत जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त करू शकली नव्हती, ८८ विजयांवर प्लेऑफमध्ये गेली आणि चॅम्पियन झाली. एप्रिलच्या एका वीकेंडनं कोणाचंच काही ठरत नाही.

बर्डीची_बॅटर

स्कोअररकाका, उलटी उदाहरणं पण आहेत न. १९७८ ला यांकीज जुलैमध्ये बोस्टनच्या १४ मॅच मागे होते आणि सीझन संपला तेव्हा दोघंही ९९-६३! मग २ ऑक्टोबरला एकच निर्णायक मॅच, बकी डेंटचा होम रन आणि ५-४. त्या १६२ मधली एप्रिलची एक जरी मॅच बोस्टननं जास्त काढली असती तर ती मॅच खेळायची वेळच आली नसती. १९५१ ला पण हेच, जायंट्स सुरुवातीला २-१२ होते, ऑगस्टमध्ये डॉजर्सच्या १३ मॅच मागे, आणि शेवटी दोघं ९६-५८ वर बरोबरीत. सगळे बॉबी थॉमसनचा शेवटचा फटका सांगतात, डॉजर्सच्या पोरांना मात्र आधी कुठंतरी सोडलेली ती एक मॅच आठवत असणार.

आपली रणजी घ्या. लीगमध्ये निर्णायक विजयाचे ६ गुण आणि पहिल्या डावाच्या आघाडीचे ३, ते सुरुवातीच्या मॅचमध्ये मिळाले काय की शेवटच्या, टेबलवर सारखेच बसतात. विदर्भाच्या पोरांना हे चांगलं समजतं, म्हणून तर ती आघाडीसाठी जिवाचं रान करतात. २०२४-२५ ची फायनल जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवरच तर आपण नेली.

आणि महालवाले भाऊ, हिशोब साधा आहे. बाकी कुठल्या टीमसमोर हरायची मॅच तुम्ही जिंकली तर फरक एका मॅचचा. धरमपेठसमोर तीच जिंकली तर तुमचा एक वाढला आणि त्यांचा एक गेला, म्हणजे दोन मॅचचा फरक. एस गुरुवारी तळाच्या टीमवर काहून घालवायचा?

डावखुरा_मानेवाडा

वरचे दोघं एप्रिल महत्त्वाचा की नाही यावर भांडून राहिले, पण पिचर कोण आहे हे कोणीच विचारलं नाही. महालवाले, तीन गोष्टी सांग. तुझा एस डावखुरा आहे का? दोन नंबरवाला कसा आहे? आणि धरमपेठच्या मैदानाचे पार्क फॅक्टर (मैदान बॅटरला किती मदत करतं त्याचे आकडे, सरासरी मैदान म्हणजे १) काय आहेत? मागच्या आठवड्याची तारखेवार पाळी पण टाक.

महालवाला_मॅनेजर

एस डावखुरा आहे. गेमच्या रेटिंगमध्ये स्टफ (बॉलची ताकद) ६५, कंट्रोल ६०. दोन नंबर उजवा, स्टफ चांगला आहे पण मूव्हमेंट (होम रन टाळायची क्षमता) ४५ आणि फ्लाय बॉलवाला, म्हणजे त्याचे बॉल उंच मारले जातात. धरमपेठचं राइट फील्ड छोटं आहे, डावखुऱ्या बॅटर्सचा होम रन फॅक्टर १ च्या बराच वर आहे, आणि त्यांनी टीम पण तशीच बांधली आहे, उजव्या पिचरसमोरच्या लाइनअपमध्ये पहिल्या सहात चार डावखुरे.

पाळी: शुक्रवारी एस, शनिवारी दोन, रविवारी तीन. सोमवारी सुट्टी. मंगळवारी चार, बुधवारी पाच, गुरुवारी परत एस.

डावखुरा_मानेवाडा

अरे मग अडचणच नाही! सोमवारची सुट्टी पाहा न बावा.

त्या सुट्टीमुळे या फेरीत तुझ्या एसला आणि दोन नंबरला चारऐवजी पाच दिवसांचा आराम मिळून राहिला. दोन नंबरनं शनिवारी पिचिंग केलं, त्याला गुरुवारी उतरव, मध्ये रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, पूर्ण चार दिवस. नेहमीइतका आराम झाला त्याचा. एस शुक्रवारी, सहा दिवसांच्या आरामावर, एकदम ताजा. शनिवारी तीन, रविवारी चार, ते होते तसेच. कोणीही कमी आरामावर जात नाही, लाँग रिलीफवाल्याला (स्टार्टरच्या जागी बरेच इनिंग टाकणारा राखीव पिचर) ओढायची गरज नाही, रोटेशनची घडी जशीच्या तशी. फक्त एक आणि दोनची अदलाबदल.

आणि माझ्या मते हे दोस्तीदुश्मनीपायी करायचंच नाही, मैदानापायी करायचं आहे. फ्लाय बॉल देणारा उजवा पिचर, मूव्हमेंट ४५, समोर चार डावखुरे आणि पाठीमागे जवळची भिंत: हा माणूस तिथं तीन होम रन खाऊन येईल. तोच तळाच्या टीमसमोर घरच्या मैदानावर आरामात सहा इनिंग टाकेल. तुझा एस डावखुरा असल्यामुळे त्या चारपैकी दोघांना तर त्यांचा मॅनेजर बसवूनच ठेवेल, त्यांची लेफ्टीसमोरची लाइनअप वेगळी असते. समोर धरमपेठऐवजी मानेवाडा असता तरी मी हेच सांगितलं असतं.

एक मात्र नक्की कर. रोटेशनच्या सेटिंगमध्ये जर ‘सगळ्यात जास्त आराम झालेला वरचा पिचर’ असं काही निवडलेलं असेल तर गुरुवारपर्यंत एस फिट दिसेल आणि गेमचा एआय त्यालाच उचलेल, मग सगळी मेहनत पाण्यात. कडक क्रम ठेव आणि यादीत एक नंबरच्या जागी उजव्याला, दोनच्या जागी एसला टाक. सिम मध्येच थांबत नाही, त्यामुळे पाठवायच्या आधी पुढच्या स्टार्टर्सची यादी उघडून प्रत्येक तारखेसमोर नाव वाच.

आकडेवाला_खामला

ईआरएचं टेन्शन घेऊ नको. दोन स्टार्टचा ईआरए पाहून काहीच कळत नाही. स्ट्राइकआउट किती, वॉक (चार खराब बॉलवर बॅटरला मिळणारा फुकट बेस) किती, होम रन किती, हे तीन बघ, बाकीचं बरंच फील्डिंग आणि नशीब. २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन नावाच्या माणसानं लिहिलं होतं की बॉल मैदानात खेळला गेला की तो हिट होतो की आऊट, यावर पिचरचा ताबा लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असतो. तेव्हा मोठा वाद झाला, नंतर त्यात दुरुस्त्या पण झाल्या, तरी मूळ मुद्दा टिकला. एफआयपी (फील्डिंग बाजूला ठेवून फक्त पिचरचं मोजमाप) त्याच विचारातून आला: होम रनला १३ नं गुणायचं, वॉक आणि अंगाला लागलेले मिळून ३ नं, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग, आणि वर तीनच्या आसपासचा एक स्थिरांक, म्हणजे आकडा ईआरएसारखा वाचता येतो.

तुझ्या पोराचं बीएबीआयपी, म्हणजे मैदानात खेळल्या गेलेल्या बॉलपैकी किती हिट झाले ते, पाहा. मेजर लीगची सरासरी वर्षानुवर्षं .३०० च्या आसपास राहते. त्याचं .४०० च्या वर असेल आणि स्ट्राइकआउट-वॉक नेहमीसारखे असतील तर पोरगा ठणठणीत आहे.

धरमपेठच्या गरम बॅटर्सना पण हेच लागू. पहिल्या आठवड्यात कोणी .४५० मारून राहिला म्हणून त्याला मुद्दाम वॉक द्यायची सेटिंग वाढवू नको. रेटिंग पाहा, ॲव्हरेज नाही.

महालवाला_मॅनेजर

पाहिलं. स्ट्राइकआउट भरपूर, वॉक फक्त तीन, बीएबीआयपी .४१० च्या पुढे. जीवात जीव आला भाऊ.

अजून एक, मागच्या वर्षी त्यांच्यासोबतच्या बहुतेक मॅच एका रननं गेल्या होत्या. म्हणून या सिरीजपुरतं बंट (बॉलला बॅट नुसती हळूच टेकवणं) वाढवावं असं डोक्यात होतं, रनर पुढे सरकवायचा. काय म्हणता?

आकडेवाला_खामला

नको, अजिबात नको. नो आऊट आणि पहिल्या बेसवर रनर असताना त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.८५ ते ०.९ रन निघतात. बंट एकदम जमला, एक आऊट, रनर दुसऱ्या बेसवर: सरासरी उतरते ०.६५-०.७ वर. म्हणजे जमलेला बंट पण महाग पडतो, फसलेला तर सोडूनच दे. शेवटच्या इनिंगमध्ये एकच रन पाहिजे, बॅटर अगदी कमजोर आहे, तिथं ठीक आहे. पण सिममध्ये बंटचं बटण पुढं सरकवलं की एआय तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये पण बंट मारत बसतो, आणि तेही धरमपेठच्या जवळच्या भिंतीच्या मैदानावर जिथं एका फटक्यात दोन येतात.

त्यापेक्षा स्टार्टरला कधी काढायचं ते नीट कर. लाइनअप तिसऱ्यांदा समोर आली की बॅटर्स जास्त मारतात, हे मेजर लीगच्या आकड्यांत वारंवार दिसलं आहे. अर्थात २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचमध्ये टँपानं ब्लेक स्नेलला ७३ पिचवर काढलं, तेव्हा तो सुंदर पिचिंग करत होता आणि मॅच हातची गेली, लोक अजून त्यावर बोलतात. म्हणून एससाठी मधलंच ठेव, पण तीन-चार नंबरच्यांना लवकर काढ.

जुना_स्कोअरर

मानेवाड्यानं मांडलं तसं असेल, कोणाचाही आराम न तोडता, तर माझी हरकत नाही. माझा विरोध कमी आरामाला आहे आणि तो कायम आहे. फक्त गुरुवारी बुलपेन (राखीव पिचर) जपा. आघाडी पाच रनची असताना क्लोजर आणि सेटअपवाला (शेवटच्या इनिंगांसाठी राखलेले पिचर) आलाच नाही पाहिजे, नाहीतर शुक्रवारी आठव्या इनिंगला तुमच्याकडे थकलेला माणूस असेल आणि त्यांच्याकडे ताजा. तळाच्या टीमसमोर लोक हेच विसरतात. लाँग रिलीफ आणि मॉप-अपचे (निकाल ठरल्यावर उरलेले इनिंग टाकणाऱ्याचे) रोल भरलेले आहेत न, ते पाहून घ्या.

बर्डीची_बॅटर

आणि लेफ्टीसमोरची तुमची पण लाइनअप तपासा. धरमपेठचा शनिवारवाला डावखुरा आहे, परवा माझ्या टीमला त्यानं सात इनिंग बांधून ठेवलं. राइटी बॅटर्स वर घ्या, कॉन्टॅक्टपेक्षा आय (खराब बॉल सोडायची नजर) जास्त असलेले, तो वॉक देतो.

महालवाला_मॅनेजर

सगळ्यांचे मनापासून आभार. फाइल पाठवली आत्ताच. एक-दोन अदलाबदल, कडक क्रम, गुरुवारसमोर उजवा आणि शुक्रवारसमोर एस दिसून राहिला, दोनदा वाचलं. बंट होतं तिथंच. मॉप-अपचा रोल खरंच रिकामा होता, एएएमधून, म्हणजे खालच्या लेव्हलच्या टीममधून, एक जण वर आणला. शनिवारसाठी लेफ्टीची लाइनअप नवीन लावली, कॅचर सातवरून दोनवर, त्याचा आय ६० आहे.

सिम झालं की तिन्ही बॉक्स स्कोअर इथंच टाकतो. धरमपेठवाल्यानं कोणाला उतरवलं ते पण तेव्हाच कळेल, कारण तो पण हा धागा वाचत असणार, पण त्याची फाइल संध्याकाळी सातलाच गेली आहे असं कमिशनरनं सांगितलं.