मांजरीच्या पोटावर गाठ लागतेय, थांबू की लगेच तपासू?

चिंगीची_आई (सातारा)
नमस्कार मंडळी. आमची चिंगी, तिरंगी मांजरी, ८ वर्षांची आहे. एक वेत झाल्यावर, २ वर्षांची असताना तिची नसबंदी केली. गणपतीच्या आधी मांडीवर लोळत होती. पोट खाजवताना डावीकडे, मागून दुसऱ्या सडाशेजारी बोटाला काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. गोचीड असेल म्हणून केस बाजूला करून पाहिलं, तर वर काहीच नाही, सगळं कातडीच्या आत. आता दसरा होऊन गेला आणि ते हरभऱ्याहून मोठं झालंय.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात लावून "चरबीची असेल, बघू" म्हणत ५ दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. काही फरक नाही. चिंगी खाते-पिते, खेळते, हात लावला तरी ओरडत नाही. सासूबाई हळदीचा लेप लाव म्हणतात. सुई घालून तपासलं तर गाठ पसरते असंही कुणीतरी सांगितलं. वाट बघू का? साताऱ्याहून जवळ कुठे नेऊ? रात्री झोप लागत नाहीये.

कण्हेर
ताई, आधी थोडी माहिती द्या. गाठ गरम लागते का? मऊ, पाणी भरल्यासारखी आहे की टणक? कुणाशी मारामारी झाली होती का? गेल्या काही महिन्यांत त्या जागी इंजेक्शन दिलं होतं का?

विचारतोय कारण आमच्या बोक्याला गालाखाली लिंबाएवढी गाठ आली होती. दोन दिवसांत फुगली, हात लावू देईना, अंगात ताप. तिसऱ्या दिवशी फुटली आणि घाण वासाचा पू आला. दुसऱ्या बोक्याचा दात लागला होता. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरची जखम मिटते आणि आत पू साचतो. डॉक्टरांनी साफ केलं, अँटिबायोटिक दिलं, आठवड्यात बरा झाला. पण तुमचं वर्णन तसं वाटत नाही.

चिंगीची_आई
गरम नाही. टणक आहे, कडेला खडबडीत. बोटाखाली थोडी सरकते. घराबाहेर जात नाही, त्यामुळे मारामारी नाही. पोटाला इंजेक्शन कधीच नाही.

रानजाई
चिंगीची आई, मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण गोड गोड बोलून वेळही घालवू देणार नाही. वाट बघू नका. याच आठवड्यात न्या.

आमची मनी ११ वर्षांची होती. अशीच सडाशेजारी गाठ, अशीच टणक. आम्हालाही "बघू" सांगितलं होतं आणि मला ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी ४ महिने बघत बसले. मनी जेवत होती, मग कशाला तिला त्रास द्यायचा, असं वाटायचं. नंतर गाठीवरची कातडी लाल झाली, एक दिवस चाटून चाटून फुटली. तेव्हा पळापळ करून ऑपरेशन केलं, पण छातीच्या एक्स-रेत फुप्फुसावर ठिपके दिसले. त्यानंतर ती जेमतेम ५ महिने राहिली.

तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. कुत्रीच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या निघतात. मांजरींत तसं नाही, तिथे ८० ते ९० टक्के गाठी कर्करोगाच्या असतात. आणि आकारावर फार काही ठरतं. २ सेंटिमीटरच्या आत असताना निघाली तर पुढची काही वर्षं मिळायची शक्यता चांगली असते, ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली की हिशेब महिन्यांत होतो. तुमची अजून हरभऱ्याएवढी आहे, ताई. हा वेळ तुमच्या हातात आहे, तो जाऊ देऊ नका.

आज शिवणाची टेप घेऊन मोजा, तारखेसह लिहून ठेवा. मग दोन्ही बाजूंचे चार-चार सड एकेक करून चाचपा. मनीला दुसरी बारकी गाठ वरच्या सडापाशी होती, ती आमच्या लक्षातच आली नव्हती.

लेप अजिबात नको. मांजर अंगावरचं सगळं चाटतं, म्हणजे जे लावाल ते पोटात जाणार. बाम तर मुळीच नको. आणि दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

पशुवैद्य_वारणा
रानजाईंनी बहुतेक सांगितलंच आहे. लांबून निदान करत नाही, पण मीही थांबा म्हणणार नाही.

सुईच्या तपासणीबद्दल: रक्त काढतात तशी बारीक सुई असते, बहुतेक मांजरींना भूलही द्यावी लागत नाही. पसरेल या भीतीने ती टाळू नका. पू आहे, चरबी आहे की दुसरं काही, याचा अंदाज त्यातून येतो. मात्र स्तनाच्या गाठीत सुईचा नमुना "साधी" म्हणाला तरी त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. म्हणून बऱ्याचदा छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून थेट ऑपरेशन करतात. कर्करोगाचा संशय पक्का असेल तर गाठ तेवढी न काढता त्या बाजूची स्तनांची पूर्ण ओळ काढणं मांजरीत जास्त चांगलं, कारण ती तिथेच परत उगवते. काढलेली गाठ फॉर्मलिनच्या डबीत तपासणीला पाठवा. हे तुम्ही स्वतः डॉक्टरांना आठवणीने सांगा, कित्येकदा ती फेकली जाते.

तुम्हाला शिरवळ सोयीचं पडेल. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात, पुणे रस्त्यावर आहे. जाण्याआधी फोन करून शस्त्रक्रिया विभागाची वेळ विचारा. मुंबईकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी परळला पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय एकाच आवारात आहेत.

लहान मांजरी असलेल्यांसाठी एक: पहिल्या ६ महिन्यांत नसबंदी केली तर या रोगाचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. २ वर्षांनंतर केली तर तो फायदा जवळजवळ उरत नाही. आणि माज थांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनं कृपया देऊ नका, त्यांनी धोका वाढतो.

कण्हेर
नेताना पिंजऱ्यात तिची रोजची चादर घाला आणि वरून कापड झाका. आमचा बोका अंधारात गप्प बसतो.

चिंगीची_आई
मंडळी, काल जाऊन आले. टेपने १.४ सेंटिमीटर भरली. एक्स-रे स्वच्छ आहे!! तो काचेवर लावून डॉक्टरांनी मला फुप्फुसं दाखवली तेव्हा पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं झालं. काखेत, जांघेत काही लागलं नाही. सुईच्या नमुन्यात संशयास्पद पेशी आहेत, म्हणून मंगळवारी डावी ओळ काढणार. डबीचं मी न विसरता सांगितलं. सासूबाईंनी लेपाचा विषय सोडला, उलट काल त्याच तिला हाताने मासा भरवत होत्या.

रानजाई, तुम्ही मनीचं लिहिलं नसतंत तर मी दिवाळीपर्यंत थांबले असते.

एक विचारायचं राहिलं. गळ्यात शंकू घातला की चिंगी जागेवरून हलत नाही आणि जेवत नाही. टाके चाटू नयेत म्हणून दुसरं काही?

रानजाई
नवजात बाळाचं सुती झबलं आणा, पाठीवर नाड्या येतात ते. पुढचे पाय बाह्यांतून काढा, मागे शेपटीसाठी कापून घ्या. नाड्या सैल बांधा, टाक्यांना काच बसायला नको. दोन-तीन लागतील, एक ओलं होतंच. आणि ऑपरेशननंतर पूर्ण दिवस तोंडात घास घेतला नाही तर लगेच डॉक्टरांना फोन करा, मांजराला उपाशी राहणं लिव्हरवर येतं. मंगळवारी रात्री कळवा, मी जागी असेन.