मदत हवी आहे: बर्फाखालचं पाणी ४ अंशावर राहतच नाहीये

शेवाळ (धागालेखिका)
परवा सकाळी मुलांपुढे प्रयोग करून दाखवायचाय आणि तो काही केल्या जमत नाहीये. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की पाणी वरून गोठतं, तळाशी ४ अंश सेल्सिअस राहतं आणि म्हणून जलचर जगतात. भांडं ठेवलं, वर बर्फाचा थर आला, तळाशी थर्मामीटर सोडला तर आकडा शून्याच्याही खाली. वर कडेनेही बर्फ धरलाय. असं का होतंय? 'पाणी हेच जीवन' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, काय करू ते सांगा.

खटपट्या
भांडं ठेवलंय कुठे? कशाचं आहे? किती खोल? थर्मामीटर पाण्यात लोंबतोय की तळाला टेकलाय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनाजाणता
मुळापासून समजून घ्या. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन ऑक्सिजनला १०४.५ अंशाच्या कोनात जोडलेले असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण प्रभार, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. त्यामुळे शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध तयार होतात. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून बसतो, मधे पोकळी राहते आणि आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. गार होणारं पाणी ४ अंशापर्यंत आकुंचन पावतं, त्याखाली प्रसरण. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात.

शेवाळ
हे मी दर वर्षी शिकवते हो. प्रश्न तो नाहीये. भांडं फ्रीझरमध्येच आहे, आणखी कुठे असणार! स्टीलचं, वीतभर खोल. थर्मामीटर तळाला टेकलाय, तळाचंच तापमान हवंय ना?

खटपट्या
मग उत्तर इथेच आहे. तळं फक्त वरून गार होतं. त्याच्या बाजूला आणि खाली जमीन असते, ती उष्णता सहजी सोडत नाही. फ्रीझरमधलं भांडं मात्र चहूबाजूंनी गार होतं आणि स्टील त्यात भर घालतं. थर्मामीटर टेकलाय म्हणजे तुम्ही पाण्याचं नाही, पत्र्याचं तापमान मोजताय.

हे करा. भांडं बाजूंनी आणि खालून जाड थर्मोकोलमध्ये बसवा, फक्त तोंड उघडं ठेवा. थर्मामीटर दोन बोटं वर टांगा. आणि खोल भांडं घ्या. ४ अंशाच्या खाली गेलेलं हलकं पाणी वरच थांबतं, त्यामुळे अभिसरण बंद पडतं आणि गारवा फक्त वहनाने खाली सरकतो. पाणी उष्णतेचं मंदवाहक आहे. खोली दुप्पट केली की त्याच गारव्याला तळ गाठायला साधारण चौपट वेळ लागतो.

वनस्पतीवेडी
मी म्हणेन, हा प्रयोग सोडूनच द्या. बर्फापेक्षा झाडं दाखवा. ११५ मीटरहून उंच रेडवुडच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे. वरच्या पानातून बाष्प बाहेर पडतं आणि अखंड धागा खालून ओढला जातो. पांढऱ्या फुलाचा देठ रंगीत पाण्यात ठेवा, काही तासांत पाकळ्यांवर रंग उतरतो. हमखास जमतं.

खटपट्या
ताई, त्यांनी बर्फाचं विचारलंय.

वनस्पतीवेडी
परवा वर्ग आहे म्हणून जमणारा प्रयोग सुचवला. गुणधर्म एकाच हायड्रोजन बंधातून येतात, मग एकाच उदाहरणावर का अडायचं?

मृण्मयी
थांबा, एक गोष्ट कुणीच पकडली नाही. आकडा 'शून्याच्याही खाली' आहे म्हणताय. साध्या पाण्यात बर्फ आणि पाणी एकत्र असतील तर ते शून्यावर थांबायला हवं. उणे किती येतंय? थर्मामीटर तपासलाय का? ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून नीट ढवळा आणि त्यात बुडवा, शून्य दाखवायला हवं. ते बरोबर येत असेल तर दुसरा प्रश्न: पाण्यात काही घातलंय का?

शेवाळ
थर्मामीटर ठीक आहे, आत्ताच बघितलं. उणे दीड ते दोन येतंय. पाण्यात मीठ आहे, लिटरला ३५ ग्रॅम. ते सांगायचं काय त्यात? धडा समुद्रातल्या माशांचा आहे, समुद्राचंच पाणी हवं ना!

मृण्मयी
त्यातच सगळं आहे! ४ अंशाचा नियम गोड्या पाण्याचा. मीठ वाढत जातं तसा गोठणबिंदू खाली जातो आणि सर्वाधिक घनतेचं तापमान त्याहून झपाट्याने खाली जातं. क्षारता किलोला २४.७ ग्रॅमच्या आसपास पोचली की दोन्ही एकाच ठिकाणी येतात. त्यापुढे सर्वाधिक घनता गोठणबिंदूच्या खाली, म्हणजे ती वेळ कधी येतच नाही. ३५ ग्रॅमला गोठणबिंदू साधारण उणे १.९. असं पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, वरचं गार पाणी खाली बसत राहतं आणि अख्खं भांडं उणे १.९ कडे जातं. तुमचा प्रयोग फसलेला नाही, तो खाऱ्या पाण्याचं खरं वागणं दाखवतोय.

जुनाजाणता
असहमत. महासागराच्या तळाशीही ४ अंशाच्या जवळपासचंच पाणी असतं. हेच असंगत आचरण.

मृण्मयी
नाही सर. खोल समुद्र गार आहे कारण ध्रुवांकडे गार आणि खारं झालेलं पाणी बुडतं आणि तळाने पसरतं. बऱ्याच ठिकाणी ते ० ते ३ अंशांत असतं, अंटार्क्टिकाजवळच्या तळाशी तर शून्याखाली. ४ चा आकडा तिथे जवळपास दिसला तरी कारण ते नाही.

जुनाजाणता
गोड्या पाण्यापुरतं तरी माझं म्हणणं बरोबर आहे ना?

शून्याखाली
गोड्या पाण्यातही ४ ही दगडावरची रेघ नाही. उथळ तळ्यावर वारा असेल तर बर्फ धरायच्या आधीच सगळं पाणी घुसळून ४ च्या खाली जातं, मग बर्फाखाली तळाशी दोन-तीन अंशही मिळतात. आणि बैकल सरोवर घ्या, १६४२ मीटर खोल. दाब वाढला की सर्वाधिक घनतेचं तापमानही घसरतं, दर १०० मीटरला साधारण ०.२ अंश. तिथलं खोल पाणी साडेतीनच्या खालीच असतं. 'तळ्यात तळाशी ४ अंश' हे वाक्य वारा, खोली आणि क्षार वगळून लिहिलेलं असतं.

शेवाळ
बरं. मग समुद्रातले मासे जगतात कसे? मुलं हेच विचारणार आणि मी काय सांगू?

मृण्मयी
दोन गोष्टी वेगळ्या करा. 'बर्फ तरंगतो' हे समुद्रालाही लागू आहे. बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, समुद्राच्या पाण्याची १०२५ च्या पुढे. तो बुडाला असता तर दर हिवाळ्यात तळाशी साचत गेला असता. तो वर राहतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा पसरतो. शिवाय एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि जाड होत चाललेल्या बर्फातून ती वर निसटणं अवघड होत जातं. म्हणून गोठणं आपोआप मंदावतं. उत्तर ध्रुवाकडेही एका हिवाळ्यात धरलेला बर्फ साधारण दोन मीटरपर्यंतच जातो.

आणि समुद्र तळापर्यंत का घुसळत नाही? वर कमी खारं पाणी, खाली जास्त खारं. गार झालं तरी वरचं पाणी त्या खालच्या थरापेक्षा हलकंच राहतं. ४ अंशाचं काम तिथे क्षारता करते.

शून्याखाली
मुलांना खरी गंमत इथे आहे. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमध्ये पाणी जवळजवळ वर्षभर उणे १.९ असतं. बहुतेक माशांचं रक्त उणे ०.७ - ०.८ ला गोठतं. म्हणजे तिथला मासा गोठायलाच हवा. आर्थर डीव्हरीस यांनी १९६० च्या दशकात त्या माशांच्या रक्तात गोठणरोधक ग्लायकोप्रथिनं दाखवली. बर्फाचा बारीक स्फटिक शरीरात शिरला तरी हे रेणू त्याला चिकटतात आणि वाढूच देत नाहीत.

तिथलेच आइसफिश, ज्यांचं रक्त पांढुरकं असतं. त्यात हिमोग्लोबिन नाही हे रूड यांनी १९५४ मध्ये मांडलं. हिमोग्लोबिनशिवाय भागतं कारण गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. गोड्या पाण्याचे आकडे घ्या: ० अंशाला लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास.

वनस्पतीवेडी
ऑक्सिजनचा मुद्दा वर्गात नक्की घ्या. बर्फाखालचे मासे पुष्कळदा गारठून नाही, गुदमरून मरतात. बर्फावर हिम साचलं की उजेड खाली पोचत नाही, पाणवनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि कुजणारा पाला उरलासुरला ऑक्सिजन संपवतो. बर्फ संरक्षण देतो हे अर्धंच चित्र आहे.

शून्याखाली
+१

चक्रम_वैज्ञानिक
गरम पाणी गार पाण्याआधी गोठतं हे खरं आहे. टांझानियाच्या एरास्टो म्पेम्बा यांचा ओस्बोर्न यांच्याबरोबरचा निबंध १९६९ मध्ये आला होता. भांड्यात गरम पाणी घाला, पटकन होईल.

खटपट्या
अहो, इथे पटकन गोठवायचं नाहीये, हळू आणि एकाच बाजूने गार करायचंय. शिवाय तो परिणाम दर वेळी दिसतो का यावर अजून वाद आहेत. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

शेवाळताई, फ्रीझरचा नाद सोडायचा असेल तर होपचे उपकरण करा. एडिंबरोच्या थॉमस होप यांनी १८०५ मध्ये मांडलेला प्रयोग आहे. उंच डबा, त्याच्या कमरेभोवती बर्फ आणि मिठाचं गोठणमिश्रण, एक थर्मामीटर वरच्या भागात, एक खालच्या. आत साधं पाणी, मीठ फक्त बाहेरच्या मिश्रणात. आधी खालचा थर्मामीटर उतरतो, वरचा फारसा हलत नाही. खालचा ४ ला पोचून थबकला की वरचा उतरायला लागतो आणि शून्याकडे जातो. दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. दोन रेषा एकमेकींना छेदतात तो क्षण त्यांनी स्वतः आलेखात पकडायला हवा.

शेवाळ
हे परवडेल. दोन उंच डबे घेते: एकात साधं पाणी, एकात ३५ ग्रॅमचं, दोन्हींभोवती तेच मिश्रण. खाऱ्या डब्यात खालचा थर्मामीटर ४ ला न थांबता खाली जात राहील ना? की डबा लहान असल्यामुळे काही वेगळं दिसेल?

मृण्मयी
जात राहील. फक्त बाहेरच्या मिश्रणात मीठ भरपूर हवं, ते उणे दहाच्या खाली गेलं पाहिजे, नाहीतर खाऱ्या डब्याला रेटा कमी पडेल. दोन्ही डबे सुरुवातीला एकाच तापमानाला आणा, आणि मधे ढवळू नका.

जुनाजाणता
दोन्ही डब्यांचे आकडे इथे टाका. खाऱ्याचे मला बघायचे आहेत.