मदत हवी आहे: बांगलादेशातल्या बोग्र्याचा कारखाना बघायचाय, परवाच!

रानजाई
घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. परवा कारखाना बघायचा ठरला होता. सगळं जमवून देतो म्हणणाऱ्या टूरवाल्याने आज आयत्या वेळी हात वर केले. नुसतं दारात जाऊन उभं राहिलं तर आत सोडतात का? आणि पोचायला नक्की किती वेळ? कोणी चार तास म्हणतं, कोणी नऊ. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज.

मुक्कामपोस्ट
कुठला कारखाना? कुठून निघणार? "आम्ही" किती जण, की एकट्याच?

रानजाई
बोग्रा म्हटल्यावर दुसरा कुठला असणार? ग्रामीण-डॅनोन, शक्ती दोईवाला. म्हणजे ग्रामीण बँकवाले आणि फ्रेंच डॅनोन कंपनी मिळून कुपोषित पोरांसाठी स्वस्त पौष्टिक दही करतात, तो. ढाक्यातच आहोत. नकाशात बोग्रा सापडतच नाहीये, तेही सांगा.

मुक्कामपोस्ट
2018 पासून इंग्रजी स्पेलिंग बदललंय, बोगुरा असं शोधा. रेल्वेने जाऊ नका, ती नाटोर-सांताहारचा वळसा घेऊन जाते. तुमचे नऊ तास तिथूनच आले असणार. गाबतोली किंवा कल्याणपूरहून बस पकडा. जमुनेवरचा (आपली यमुना नव्हे, ब्रह्मपुत्रेचाच तिथला प्रवाह) पूल ओलांडून पाच-सहा तास. जाम लागला तर देवच जाणे.

अडाणी_नं_१
रेल्वेच बरी! खिडकीतून देश दिसतो. बसमध्ये नुसता हॉर्न ऐकायचा.

फणसगरे
बोग्र्याला जाऊन प्लास्टिकच्या कपातलं दही कसलं बघताय! तिथलं मिष्टी दोई म्हणजे गोड दही खा, मातीच्या भांड्यातलं. 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला. आणि महास्थानगड, म्हणजे प्राचीन नगराचे अवशेष, जवळच आहे, तो चुकवू नका.

पेंगुळलेला
प्लास्टिक नव्हे हो, सुरुवातीचे कप मक्याच्या स्टार्चपासून केलेले होते.

कडूजहर
ताई, फ्रेंच कंपनीची जाहिरात बघायला एवढी पायपीट? 2006 मध्ये फुटबॉलवाल्या झिदानला बांगलादेशात आणून फोटो काढले, झाली समाजसेवा. दह्याने गरिबी हटली असती तर काय हवं होतं!

मुक्कामपोस्ट
कडूजहर, ग्रामीण बँक काढणाऱ्या युनुसांची सामाजिक उद्योगाची व्याख्या तरी वाचा. गुंतवणूकदाराने घातलेलं मुद्दल परत घ्यायचं, नफा धंद्यातच राहू द्यायचा.

कडूजहर
वाचलीय. मग 5 टाक्यांचा (टाका म्हणजे तिथलं चलन) कप 8 टाक्यांना का गेला?

पेंगुळलेला
कारण 2008 च्या सुमारास दूध भडकलं. 3 टाके म्हणजे तुम्हाला काहीच नाही, पण खेड्यातली विक्री तिथेच कोसळली. मग 80 ग्रॅमचा कप 60 ग्रॅमवर आणून 6 टाक्यांना दिला आणि शहरात चढ्या दराने विकून तोटा भरायची धडपड केली. तुम्ही म्हणता तसं जाहिरातच करायची असती तर एवढा व्याप कोण करेल?

रानजाई, मी 2011 मध्ये गेलो होतो. कारखाना चिमुकला आहे, मुद्दामच तसा बांधलाय. तासाभरात बघून होतो. टाक्या, पाइप, कप भरणारं यंत्र, बस्स. खरी गंमत बाहेर. सकाळी आसपासचे लोक एक-दोन गायींचं दूध घेऊन येतात, ते बघा. आणि दारोदार विकणाऱ्या बायकांपैकी एखादीसोबत दोन तास हिंडा. त्यांना कपामागे कमिशन मिळतं. मी जिच्यासोबत फिरलो ती आयांना लोह, जस्त, आयोडिन, अ जीवनसत्त्व असलं काही सांगत नव्हती. "पोर धष्टपुष्ट होईल", एवढंच. पोरं कपावरचा सिंह बघून धावत यायची. उन्हं चढली की तिचा जीव खालीवर, कारण फ्रिज कुणाकडेच नाही. संध्याकाळपर्यंत कप खपले नाहीत तर काय, हा प्रश्न कारखान्यात उभं राहून कळत नाही.

तुरेवाला
दूध पचत नसेल तरी दही बहुतेकांना चालतं, विरजणातले जिवाणू लॅक्टोज कमी करतात. कुणाला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

रानजाई
@तुरेवाला, विचारलं कोणी?
@पेंगुळलेला, धन्यवाद! हेच हवं होतं. अशा बायका भेटतील कशा? आम्ही सात जण आहोत, सहा विद्यार्थी. प्रश्नावली भरून घ्यायची आहे.

मुक्कामपोस्ट
प्रश्नावली?! हे आधी नाही का सांगायचं! व्हिसा कुठला आहे?

रानजाई
टुरिस्ट.

मुक्कामपोस्ट
मग कागद मिटवून ठेवा. बघा, गप्पा मारा, पण सर्व्हे करू नका. नसती आफत ओढवेल. आणि सात जण न सांगता दारात उभे राहिलात तर कुणीही बावचळेल, खाण्याच्या पदार्थाचा कारखाना आहे तो.

सायसाखर
ढाक्यातच मीरपूरला ग्रामीण बँकेचं मुख्य कार्यालय आहे. ते परदेशी पाहुण्यांसाठी कार्यक्रम आखतात. तिथे जाऊन विचारा, बोग्र्यात कुणाशी बोलायचं ते सांगतील. फारच अडलं तर दाउदकांदीजवळ गोआलमारीला ग्रामीण-व्हिओलियाचा पाण्याचा प्रकल्प बघा. विहिरींत आर्सेनिक म्हणून नदीचं पाणी शुद्ध करून देतात.

रानजाई
पाण्याचं नको, विषय कुपोषण आहे. मीरपूरला परवा सकाळी जाऊन दुपारी निघालो तर?

पेंगुळलेला
ताई, आज बुधवार. परवा शुक्रवार!

रानजाई
मग?

पेंगुळलेला
बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. मीरपूरचं ऑफिसही बंद.

रानजाई
अरे देवा. टूरवाल्याने शुक्रवारच दिला होता आम्हाला. रविवारी संध्याकाळी परतीचं विमान आहे.

सायसाखर
मग उद्या सकाळी ऑफिस उघडताच मीरपूर गाठा. मेलबिल नको, समक्ष जा. जमलं तर उद्याच रात्रीच्या बसने निघा. गायींना सुट्टी नसते, निदान दूध काढलेलं तरी बघायला मिळेल.

रानजाई
जाते. उद्या रात्री कळवते.

फणसगरे
मिष्टी दोईचं मडकं विमानात हातसामानात चालतं का? आणाल तर खालचा थर मोडू देऊ नका.