मदत हवी आहे: पोस्टग्रेसची कोणती फंक्शन्स बाहेरच्या टॅबलेटना उघडी आहेत?

खाडीकाठ: आंबा पॅकहाऊसचा डेटाबेस रत्नागिरीत, पोस्टग्रेस १५. देवगड आणि राजापूरच्या खरेदी केंद्रांवरचे टॅबलेट पोस्टग्रेस्टमधून (पोस्टग्रेसपुढे वेब एपीआय उभा करणारा सर्व्हर) फंक्शन्स कॉल करतात. त्यांना पेटी_नोंद आणि आजचा_भाव ही दोनच हवीत. भाव_बदल फक्त ऑफिसचं, सिक्युरिटी डिफायनर, म्हणजे फंक्शनच्या मालकाच्या हक्कांनी चालणारं. टॅबलेटच्या 'केंद्र' रोलला (डेटाबेसमधलं खातं) त्याचं ग्रँट, म्हणजे परवानगी, दिलेलंच नाही, तरी चालतं. रिव्होकही (परवानगी काढून घेणं) करून पाहिलं. कोणाला काय उघडं आहे, त्याची यादी कशी काढू?

तळटीप: ग्रँट नाही म्हणजे बंद, हे टेबलांचं. फंक्शनचं उलटं: तयार झालं की एक्झिक्यूट (चालवण्याचा हक्क) आपोआप पब्लिकला, म्हणजे सगळ्या रोलना. तुम्ही रिव्होक 'केंद्र'कडून केलंत. त्याला वेगळं दिलंच नव्हतं, तर काढणार काय? एररही येत नाही.

एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: रिव्होक एक्झिक्यूट ऑन ऑल फंक्शन्स इन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक. पहिलं पब्लिक हे स्कीमाचं (डेटाबेसातल्या कप्प्याचं) नाव, दुसरं म्हणजे सगळे रोल. मग 'केंद्र'ला दोन ग्रँट, ऑफिसच्या रोललाही त्याची. पेटी_नोंद वेगळ्या आर्ग्युमेंटांनी दोनदा लिहिलं असेल तर दोन्हींना वेगळं ग्रँट लागतं. त्याच स्कीमात एक्स्टेन्शनची (पोस्टग्रेसला जोडलेल्या पूरक पॅकेजची) फंक्शन्स असली तर तीही बंद होतील, आधी बघा.

यादीसाठी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन प्रोग्रॅम) बॅकस्लॅश डीएफ प्लस. हक्कांचा रकाना रिकामा दिसला की बंद समजू नका, रिकामा म्हणजे डीफॉल्ट, म्हणजे सताड उघडं. खात्रीचं उत्तर हॅज_फंक्शन_प्रिव्हिलेज देतं: रोल, फंक्शन, 'एक्झिक्यूट'.

दर्यावर्दी: उद्याचं नवं फंक्शन परत उघडंच येईल. ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस करा, पण 'इन स्कीमा' न लावता. स्कीमापुरतं रिव्होक मूळ डीफॉल्टला हात लावत नाही. आणि ते फंक्शन बनवणाऱ्या रोलपुरतंच लागू होतं. भाव_बदलवर सर्च_पाथही (नावं कोणत्या स्कीमांत शोधायची तो क्रम) पक्का बांधा, डिफायनरला ते हवंच.

खाडीकाठ: भाव_बदलला आता ४०३ (वेबचा 'मनाई' कोड), आत ४२५०१ (पोस्टग्रेसचा 'हक्क नाही' कोड). पण पेटी_नोंदही तोच कोड देऊन अडतंय!

तळटीप: ते आतून दुसरं फंक्शन बोलावत असणार.

खाडीकाठ: हो, प्रत_ठरव.

तळटीप: पेटी_नोंद बोलावणाऱ्याच्या हक्कांनी चालतं, म्हणून 'केंद्र'ला प्रत_ठरवचंही एक्झिक्यूट लागेल. ते बाहेरून दिसायला नको असेल तर 'आतलं' अशी वेगळी स्कीमा करून तिथे हलवा, 'केंद्र'ला तिचं यूसेज (स्कीमा वापरण्याचा हक्क) द्या, पेटी_नोंदमध्ये स्कीमासकट नाव लिहा. पोस्टग्रेस्टच्या डीबी-स्कीमाज सेटिंगमध्ये (बाहेर दाखवायच्या स्कीमांची यादी) ती घालू नका. हलवल्यावर पोस्टग्रेस्टची स्कीमा कॅशे (स्कीमांची साठवलेली माहिती) रीलोड करा. पण कोणी पोस्टग्रेस्ट टाळून थेट पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर 'केंद्र' म्हणून शिरला तर हे सेटिंग त्याला अडवत नाही, तिथे फक्त ग्रँट चालतात.