चर्चा: पेशंट ‘नाही’ म्हणाला तर?

माजलगावकर: मागच्या महिन्यात चुलतभावाला सरकारी दवाखान्यात नेलं. आठ दिवस झोप नाही, रात्री उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचा. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं अन् त्यालाच विचारलं, "ॲडमिट व्हायचं का?" तो म्हणाला, नाही. अर्धा तास हेच चालू. बाहेर जीप उभी, वेटिंगचं भाडं चढतंय. ज्याचं डोकंच ठिकाणावर नाही त्याला कसला विचारता? हा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा एसीत बसून लिहिलाय.

रात्रपाळी: विचारलं म्हणून राग? मी वॉर्डात सिस्टर आहे. पूर्वी केसपेपर नातेवाइकाशी बोलूनच भरायचे, पेशंट बाकावर बसून ऐकायचा. अन् कायद्यानं तुमचे हात बांधलेले नाहीत. जिवाला धोका असेल, स्वतः निर्णय घेणं जमत नसेल तर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. एक मानसोपचारतज्ज्ञ अन् दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ, दोघांनी वेगवेगळं तपासायचं; अर्ज पेशंटच्या प्रतिनिधीचा. पेशंटनं कोणाला नेमलं नसेल तर नातेवाइकाचा नंबर लागतोच. पेशंटच्या हक्कांवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन.

माजलगावकर: मंडळ! राज्यात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला काय? जालन्याची मंजुरी पेपरात वाचली. आधी खाट द्या, मग हक्क.

कडूलिंब: दादांशी सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. पेशंटला साखळी घालायला कायद्यानं बंदी आहे, बरोबरच आहे. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा २८ जण साखळीतच जळाले. पण आमच्या तांड्यावरची बाई ऊसतोडीला जाताना मनोरुग्ण पोराला कोणाच्या भरवशावर सोडील? फडात नेलं तर कोयत्याची भीती, घरी ठेवलं तर कुलूप. तिचा हक्क कोणत्या कलमात?

रात्रपाळी: कलम १८ वाचा. उपचार मिळायचा हक्क तिथंच आहे. जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या दवाखान्याचा खर्च सरकारनं द्यायचा. त्यासाठी तहसीलवर कोणी गेलं का कधी?

कडूलिंब: फडातून तहसीलला जायचं म्हणजे दिवसाचा खाडा, ताई.

गोदाकाठ: मी तो डोकं ठिकाणावर नसलेला. २०१४ साली मला "लग्नाला चाललोय" म्हणून नवा शर्ट घालून गाडीत बसवलं. उतरलो तर दवाखाना. पायजम्याची नाडी काढून घेतली, तीन आठवडे पायजमा एका हातानं धरून हिंडलो. गोळ्या कशाच्या, कोणी सांगितलं नाही. घरी आल्यावर गोळ्या गोठ्यामागं फेकायचो. पुढं दुसऱ्या एका डॉक्टरनं सांगितलं, "या गोळीनं हात थरथरतील, घाबरू नको, मला येऊन सांग." थरथरले, सांगितलं, त्यांनी डोस बदलला. तेव्हापासून गोळी चुकली नाही. माजलगावकर, खाट अन् हक्क एकामागून एक नाही येत. लग्न म्हणून फसवून आणलं, त्या दवाखान्यात खाट होतीच की.

माजलगावकर: तुमचं वाईट वाटलं. पण विहिरीचा कठडा तुम्ही बघितला नाही.

रात्रपाळी: भावाचं काय झालं शेवटी?

माजलगावकर: झाला ॲडमिट. त्यानंच सही केली, वाकडीतिकडी. जीपवाल्यानं ३०० रुपये जास्तीचे घेतले. माझं मत तेच आहे.